पंचेचाळीस किलोंची थंडी

डिंक तुपात सोडला की लगेच काही होत नाही. खडे तळाशी जाऊन गप्प बसतात आणि आपण झारा धरून उभे राहतो. तूप कमी तापलं असेल तर डिंक आतून कच्चा राहतो आणि दातांना चिकटून बसतो. जास्त तापलं असेल तर वरून करपतो. या दोन्हींच्या मधली वेळ मला आजवर कधी शांतपणे साधता आलेली नाही. डिंक फुलेपर्यंत माझा एक हात गॅसच्या बटणावरून हलत नाही. लाडू करणाऱ्या बाईने इतकं घाबरू नये, हे मला कळतं. पण थंडी पडली, तळलेल्या डिंकाचा तो तुपकट, किंचित लाकडासारखा वास घरात पसरला, की मी पुन्हा तेवीस वर्षांची होते आणि पलीकडच्या खोलीतून कोणीतरी मला काट्यावर उभं राहायला बोलावतंय असं वाटतं.

यंदा थंडी जरा लवकरच आली. पुण्याच्या कडेला, मांजरी गावात, आमच्या इमारतीच्या मागे अजून थोडा ऊस उभा आहे. त्याच्याही मालकाने म्हणे बिल्डरशी बोलणी चालवली आहेत, पण तूर्त सकाळी त्या उसावर धुकं बसतं आणि ते विरलं की बाल्कनीत ऊन येतं. त्या उन्हात खुर्ची टाकून माझे बाबा बसतात. पावसाळ्यात त्यांना ताप आला तो लांबला. ताप गेला, पण जाताना अंगावरचं होतं नव्हतं ते घेऊन गेला. मनगटावरचं घड्याळ आता हात वर केला की कोपराकडे घरंगळतं. डॉक्टर म्हणाले, “औषधांचं काम संपलं. आता वजन वाढायला हवं. या थंडीत भरून निघाले तर ठीक, नाहीतर पुढचं साधं दुखणंसुद्धा झेपायचं नाही त्यांना.” मी मान डोलावली आणि घरी येताना डिंक, खारीक, खोबरं आणलं. घाबरले की मी किराणा आणते. हे मी बाबांकडूनच उचललं आहे.

मी तेवीस वर्षांची होते त्या थंडीत वजन माझं वाढायचं होतं.

शतक संपायला वर्षभर उरलं होतं. दोन हजार साल उजाडताच जगभरचे संगणक वेड्यासारखे वागतील, या भीतीने अमेरिकेतल्या कंपन्यांना घाम फुटला होता आणि त्यांच्या घामावर पुण्यातल्या कितीतरी मुलामुलींची पोटं भरत होती. मी त्यांतलीच एक. जुने प्रोग्रॅम उघडायचे, त्यांत दडलेल्या तारखा शोधायच्या, दुरुस्त करायच्या. काम रटाळ होतं, पण मला ते यायचं. दिवाळी झाली आणि अमेरिकेला पाठवायच्या माणसांत माझं नाव निघालं. खडकीच्या आमच्या क्वार्टर्समधून अमेरिका! आमच्या लायनीतला सगळ्यात लांब गेलेला माणूस बदली होऊन जबलपूरला गेला होता.

कंपनीच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. छाती स्वच्छ, रक्त बरं, डोळे ठीक. मग काट्यावर उभं केलं आणि चष्मा कपाळावर चढवून ते पुन्हा वाकून बघू लागले. “बेचाळीस? या उंचीला? आजारी असता का?” “नाही.” “जेवता का?” “जेवते.” त्यांनी पेन बंद केलं. “हे बघा, तिकडे विम्याची भानगड असते. निदान पंचेचाळीस भरल्याशिवाय मी फिट म्हणून सही करणार नाही. संक्रांत झाली की या. तेव्हाही नसेल, तर कंपनीला दुसऱ्या कोणाला तरी पाठवावं लागेल.” तीन किलो. मंडईत तीन किलो म्हणजे कांदेबटाट्यांची एक पिशवी. तेवढी पिशवी स्वतःच्या हाडांवर कशी चढवायची, हे मला ठाऊक नव्हतं.

मी जन्मापासून लुकडी. शाळेत ‘काडी’, कॉलेजात ‘पापड’, नातेवाइकांत ‘पाप्याचं पितर’. फुंकर मारली तर उडशील, हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं होतं की कोणी गाल फुगवले तरी मला पुढचं कळायचं. ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणायच्या, “यार, तू किती लकी आहेस, काहीही खा, तुला टेन्शनच नाही!” जाड माणसाला चारचौघांत जाड म्हणायला लोक थोडे तरी कचरतात. बारीक माणसाला सगळे तोंडावर बोलतात, वर त्याने ते कौतुक समजावं अशी अपेक्षा ठेवतात. मनगट अंगठ्या-बोटाच्या वेढ्यात धरून बघण्याची सवय मला केव्हा लागली, आठवत नाही. दोन बोटं एकमेकांवर चढली की वाईट वाटायचं. त्या थंडीत मी दिवसातून कितीदा तरी असं मनगट मोजायची. मीटिंगमध्ये, बसमध्ये, न्हाणीत.

बाबा तेव्हा दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. मूळचे वऱ्हाडातले. तरुणपणी नोकरीसाठी खडकीला आले ते इथलेच झाले. भाषा मात्र तिथलीच राहिली. कारखान्यात त्यांचं काम वजनाचं. बारूद तोलून द्यायची. फाटकावर काडेपेटी काढून ठेवायची, बिनखिळ्यांचे बूट घालायचे आणि दिवसभर तराजूसमोर बसायचं. घरात ते फारसे बोलत नसत. आई मी कॉलेजात असताना गेली. तिच्यामागे स्वयंपाक त्यांनी घेतला, तोही तसाच, न बोलता. पहिले काही महिने भाकरी तव्यावर मोडायची. नंतर ती आईच्या भाकरीपेक्षा गोल येऊ लागली, आणि ते कबूल करताना मला अपराधी वाटायचं.

डॉक्टरांचं मी घरी येऊन सांगितलं तेव्हा ते कांदा चिरत होते. “किती पाह्यजे?” त्यांनी विचारलं.

“पंचेचाळीस.”

“आता किती हाय?”

“बेचाळीस.”

“होते,” ते म्हणाले. कारखान्यात वरून एखादं काम आल्यासारखं. “थंडीतलं खाल्लेलं अंगाले लागते. होते तीन किलो.” आणि पुन्हा कांदा चिरायला लागले. अमेरिकेचं त्यांनी काहीच विचारलं नाही. कुठलं गाव, किती दिवस, कोणाबरोबर, काही नाही.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. सकाळी उठले की पितळी पेल्यात दूध आणि बशीत एक लाडू. डिंक, खारीक, खोबरं आणि गोडंबी. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर. तो पुण्यात सहज मिळेना म्हणून बाबांनी गावाकडून येणाऱ्या कोणाच्या तरी हाती मागवला. डब्यात दोन भाकऱ्या, त्यांच्यामध्ये लोणी. तुरीचे हिरवे दाणे, ज्यांना आमच्याकडे सोले म्हणतात, त्यांची वाटून केलेली घट्ट आमटी. मधल्या वेळी केळी, संध्याकाळी आल्या आल्या गूळ-शेंगदाणे, रात्री भातावर तुपाची धार. धार थांबेल म्हणून मी वाट बघायची आणि ती थांबायची नाही. बाबा चमचा वापरत नसत. भांडंच वाकडं करत.

आणि माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. वजन वाढवायचं म्हणजे नुसतं खायचं, यात काय अवघड आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा भूक नसताना, कोणीतरी आशेने समोर बसलेलं असताना तिसरी भाकरी खाऊन बघावी. ताट दिसलं की माझं पोट आवळायचं. खाल्लं की वाटायचं, आता तरी चढलं असेल. नाही खाल्लं तर वाटायचं, गेली अमेरिका. मी जिने चढणं सोडलं, चालायचं सोडलं, दोन स्टॉपसाठी बस धरू लागले. हालचाल केली की कमावलेलं सांडेल अशी भीती. कोणी शिंकलं तरी मी लांब सरकायची. सर्दी झाली, दोन दिवस जेवण तुटलं, म्हणजे संपलंच.

शेवटी बाबा मला कसबा पेठेत एका वैद्यांकडे घेऊन गेले. कारखान्यातल्या कोणीतरी नाव सांगितलं होतं. बोळात चपला काढून आम्ही वर गेलो. वैद्य सत्तरीचे, गादीवर ताठ बसलेले, आणि माझ्याहूनही बारीक. नाडी बघून म्हणाले, “आपण जेवता, की नुसता वास घेता?”

“जेवते.”

“मग आलात कशाला?”

बाबा पुढे सरसावले. “वजन वाढाचं औषध पाह्यजे होतं जी.”

“वजन वाढवायचं औषध माझ्याकडे असतं,” वैद्य म्हणाले, “तर मी असा दिसलो असतो का?”

बाबा हसले नाहीत. ते हात जोडून बसूनच राहिले, तेव्हा वैद्य जरा नरमले. म्हणाले, “वेळेवर जेवा. थोडं थोडं, पण चारपाच वेळा. जेवणाआधी चहा नको, आधी पाणी ढोसणं नको. सकाळी अंगाला थोडं तेल, थोडा व्यायाम. नुसतं बसून खाल्लं तर पोट सुटतं, अंग भरत नाही. आणि झोपा. काळजी करू नका. तुम्ही खाताय त्यातलं अर्धं ती काळजी खाऊन जाते, आणि तीही फुकट.” मग बाबांकडे वळून म्हणाले, “आपलीही झोप बरी दिसत नाही.” बाबांनी मान खाली घातली. उतरताना त्यांनी जिन्यात मला विचारलं, “तुले काळजी कायची हाय?” मी म्हटलं, “राहून गेलं तर?” रस्त्यात त्यांनी मला पेढे घेऊन दिले आणि तिथेच उभं राहून खायला लावले.

वैद्यांचं सगळं मी ऐकलं. तेल लावलं, सूर्यनमस्कार घातले, चहा सोडला. काळजी तेवढी सुटली नाही.

आता बाल्कनीत बाबा तसेच ताटासमोर बसतात. मऊ भात, त्यावर वरण, तूप; मी बाजूला उभी. आहारतज्ज्ञ बाईंनी डब्यातली कसलीशी पावडर लिहून दिली आहे, दुधात ढवळायची. बाबांनी एक घोट घेतला आणि पेला माझ्याकडे परत दिला. “हे कायचं पीठ हाय?” “प्रोटीन आहे, बाबा.” “असन. मले नोको.” मी रागावते. मग रागावल्याचं वाईट वाटतं. त्यांचे गाल आत गेलेत, जबडा हलतो तेव्हा कानशिलाची शीर दिसते. दोन घास खाऊन ते थांबतात आणि उसाकडे बघत बसतात. मला समोर बसवत नाही, उठून जाववत नाही. भरवणाऱ्याचंही पोट आवळतं, हे मला या वर्षी कळलं.

त्या थंडीतले रविवार मला सगळ्यांत जास्त आठवतात. रविवारी सकाळी बाबा आणि मी खडकी स्टेशनवर जायचो. घरात काटा नव्हता. फलाटावर एक वजनाचं यंत्र होतं, उंच, काचेमागे लाल-हिरवे दिवे आणि गरगर फिरणारी चक्री. त्यावर उभं राहायचं, नाणं टाकायचं. दिवे चमकायचे, आत काहीतरी खडखडायचं आणि खालच्या खाचेत जाड पुठ्ठ्याचं तिकीट येऊन पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. ‘आपण स्वभावाने उदार आहात’, ‘प्रवासाचे योग संभवतात’. ऐन थंडीत लोखंडाचा तो पाट चपलांतूनही बर्फासारखा लागायचा. लोकल यायची, माणसं उतरायची, आणि मी डोळे मिटून खडखड ऐकत उभी असायची. निकालाच्या दिवशीसुद्धा मी कधी इतकी घाबरले नव्हते.

पहिल्याच रविवारी साडेत्रेचाळीस आले. बेचाळीसचे साडेत्रेचाळीस, आठवड्याभराच्या लाडवांत! मी फलाटावर उडीच मारली. “बाबा, दीड किलो!” बाबांनी तिकीट हातात घेतलं, लांब धरून वाचलं, परत दिलं. “बरं हाय,” म्हणाले. त्यानंतर वजन इतक्या झपाट्याने चढलं नाही, पण चढलं. एखाद्या रविवारी होतं तिथेच राहायचं, आणि तो सबंध आठवडा माझा वाईट जायचा. पुढच्या रविवारी थोडं सरकायचं. मार्गशीर्ष संपला, पौष लागला. तुरीच्या शेंगा जून झाल्या, बाजारात गाजरं आली. आरशात मला गळ्याची हाडं जराशी बुजल्यासारखी वाटू लागली. मनगटाभोवती बोटं टेकायची, पण चढायची नाहीत. संक्रांतीआधीच्या रविवारी यंत्रातून सेहेचाळीसचं तिकीट पडलं. हवं होतं त्याहून एक किलो जास्त. त्या रात्री मी खूप दिवसांनी गाढ झोपले. ऑफिसात सांगून टाकलं, झालं माझं. मैत्रिणींनी कँटीनमध्ये टाळ्या वाजवल्या.

तपासणीच्या दिवशी बाबांनी स्कूटरवर सोडलं आणि ते फाटकाबाहेर थांबले. डॉक्टरांनी स्वेटर काढायला लावला, चपला काढायला लावल्या. मी उभी राहिले. काटा चव्वेचाळीसच्या थोडा पुढे गेला आणि थांबला. मी श्वास रोखून आणखी जड व्हायचा प्रयत्न केला. काटा हलला नाही.

“कमी आहे,” डॉक्टर म्हणाले.

“पण रविवारी सेहेचाळीस होतं!”

“स्वेटर घालून केलं असेल. पोटभर जेवून केलं असेल.” मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी मोठा उसासा सोडला. “बरं. पुढच्या सोमवारी या. ते शेवटचं. तुमच्या मॅनेजरचा मला दोनदा फोन येऊन गेलाय, त्यांना दुसरं नाव द्यायचंय.”

बाहेर आले तेव्हा बाबा झाडाखाली स्कूटरला टेकून उभे होते. मी मान हलवली. ते स्कूटर सुरू करू लागले. घरी पोचेपर्यंत मी धरून ठेवलं आणि मग स्वयंपाकघरात ओट्याखाली बसकण मारून इतकी रडले, की आई गेली तेव्हाही मी तशी रडले नव्हते. काय काय बोलले त्या भरात! माझ्या अंगाला काही लागतच नाही, मी अशीच मरणार, मला कुठेच जाता येणार नाही, या दोन खोल्यांतच माझं सगळं संपणार. बाबा दारात उभे होते. त्या दोन खोल्या त्यांनी आयुष्यभर नोकरी करून मिळवल्या होत्या, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. मग ते आत आले, परात घेतली आणि कणीक मळू लागले.

तो आठवडा वेगळाच गेला. बाबांनी रजा टाकली. आजवर आजारपणातही न टाकणारा माणूस. मलाही घरीच बसवलं. दर दोनतीन तासांनी थोडं थोडं समोर यायचं: साजूक तुपातला शिरा, दहीभात, खजूर, उकडलेली रताळी, पुन्हा लाडू. आणि या वेळी ते नुसतं वाढून गप्प राहत नव्हते. समोर बसून गोष्टी सांगत होते, गावच्या, आईच्या. लग्न होऊन आली तेव्हा आईही माझ्यासारखीच लुकडी होती, आणि त्यांच्या आत्याने तिला बघून विचारलं होतं, “बाकीची मागून येते का?” मी हसले आणि हसता हसता ताट संपलं. रविवार आला. मी स्वेटर न घालता स्टेशनवर जायला निघाले तर ते म्हणाले, “टेशनावर नोको.” मला खडकी बाजारात ओळखीच्या धान्याच्या व्यापाऱ्याकडे घेऊन गेले. पोती तोलायच्या मोठ्या काट्यावर मला बसवलं आणि दुसऱ्या पारड्यात स्वतःच्या हाताने वजनं ठेवली. एकेक वजन उलटं करून त्यावरचा सरकारी शिक्का बघत. गिऱ्हाइकं हसत होती. “पोरीला विकताय का काय?” व्यापारी म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांचं कोणाकडेच लक्ष नव्हतं. सगळ्यात शेवटी त्यांनी एक अगदी लहान वजन ठेवलं, बोट काढून घेतलं आणि पारडी स्थिर होईपर्यंत ते श्वास घेत नव्हते.

सोमवारी डॉक्टरांच्या काट्याने पंचेचाळीसची रेघ कशीबशी ओलांडली. त्यांनी सही केली. माघात मी गेले.

तिकडे जाऊन मी काय खाल्लं हे सांगायलाही लाज वाटते. पाव, चीज, डब्यातली सुपं. चार महिन्यांत पन्नाशी गाठली, आपोआप, कोणी समोर बसलेलं नसताना. फोनवर बाबा विचारायचे, “वजन किती हाय?” मी आकडा सांगायची. “मंग झालं,” म्हणायचे. त्यांचं वजन मी एकदाही विचारलं नाही. सहा वर्षांनी परत आले तेव्हा ते निवृत्त झालेले, क्वार्टर सोडून खडकीतच एका भाड्याच्या खोलीत एकटे राहत होते. विमानतळावर पहिल्या झटक्यात मी त्यांना ओळखलं नाही. एकट्यासाठी काय रांधायचं, म्हणाले, चहा-भाकरीवर भागते. त्यानंतर मी त्यांना एकटं कुठे राहू दिलं नाही. आणि इतकी वर्षं मी हेच समजत आले की संक्रांतीनंतरच्या त्या तपासणीत माझा घात स्वेटरने केला. त्या सेहेचाळीसमध्ये स्वेटर होता, चपला होत्या, सकाळचं दूध होतं. स्वतःला मूर्ख म्हणून मी तो विषय केव्हाच मिटवला होता.

परवा मी नवा काटा आणला, काचेचा, आकडे उजळणारा. बाल्कनीत उन्हात ठेवला आणि बाबांना दंडाला धरून त्यावर उभं केलं. त्यांनी खाली वाकून बघायचा प्रयत्न केला, पण त्यांना दिसेना. मला दिसलं. गेल्या महिन्यापेक्षाही कमी. त्यांना खुर्चीत बसवलं, लाडवाची बशी मांडीवर ठेवली, म्हटलं, “बाबा, एवढा तरी खा. मला भीती वाटते हो.”

त्यांनी लाडू उचलला नाही. काट्याकडे बघत राहिले. “हा बरोबर हाय का?”

“नवा आहे, बाबा.”

“नवा असला म्हणून काय झालं.” मग म्हणाले, “ते टेशनावरचं मशीन जास्त दाखवे. दीड किलो.”

मला आधी कळलंच नाही ते कशाबद्दल बोलताहेत. “खडकीचं? तुम्हाला काय माहीत?”

“पहिल्याच रविवारी समजलं. तू तिकडं तिकीट पाहून नाचत होती, तवा म्या बी नाणं टाकलं. कारखान्यातल्या दवाखान्याच्या काट्यावर म्या छपन्न. थितं साडेसत्तावन.”

खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं पीं पीं ऐकू येत होतं. मी बाल्कनीच्या उंबऱ्यावर बसले. दीड किलो. त्या पहिल्या रविवारचा सगळा आनंद खोटा होता, आणि त्यांना ते माहीत होतं. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी ते माझ्या शेजारी उभे राहून चुकलेलं तिकीट वाचत होते आणि ‘बरं हाय’ म्हणत होते. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात गुंजभर बारूद कमीजास्त होऊ दिली नाही, तो.

“मग मला सांगितलं का नाहीत?” माझा आवाज चढला. या वयात, या आजारात त्यांच्यावर ओरडू नये हे कळत असूनही चढला.

“सांगतलं असतं तं तू आणखी खाल्लं असतं.”

“बाबा, माझं जाणं राहिलं असतं!”

“हो नं,” ते म्हणाले. “तेच तं पाह्यजे होतं मले.”

इतकं सरळ. ना मान खाली, ना आवाजात काही. रोज पहाटे उठून लाडू देणारा, तुपाचं भांडं वाकडं करणारा, वैद्यापुढे हात जोडणारा माणूस मनात म्हणत होता, भरू नये ही पोर. मला राग आला, खरोखरचा राग आला, पंचवीस वर्षं जुना असून ताजा. आणि त्या रागातच मला ती खोली दिसली, भाड्याची, चहा-भाकरीची, मी न विचारलेल्या वजनाची. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना.

“मग शेवटच्या आठवड्यात कशाला केलंत सगळं? रजा काढलीत, त्या व्यापाऱ्याकडे नेलंत. गप्प बसला असतात तर राहिलेच असते मी.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय विचारते आहे हेच त्यांना समजत नसावं असं पाहिलं.

“तू रडली ना मंग,” ते म्हणाले.

आणि मांडीवरच्या बशीतला लाडू उचलून, दोन्ही हातांनी तो मोडत म्हणाले, “आताबी नोको रडू. खातो म्या.”